लाल खोक्यातलं वजन

जगातल्या कुठल्याही वस्तूचा खरेपणा तिच्या वजनात असतो. रंग, वास, नाव, खोका ही सगळी वरवरची माया. आणि ते वजन नुसत्या हाताने ओळखणारा माणूस शतकात एखादाच जन्माला येतो, असं मखमलाबादच्या सावळीराम मौले यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी त्या सकाळी गॅसचं सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून, पुन्हा खाली ठेवून बायकोला ऐकवलं. "अजून पंधरा दिवस हालत नाय हे," ते म्हणाले. त्यांचं वाक्य संपलं आणि चहाखालची ज्योत विझली.

"शतक संपलं वाटतं," नवसाबाई म्हणाल्या आणि मागच्या दारी चूल पेटवायला गेल्या.

सावळीरामांना गाव अण्णा म्हणत असे, आणि घरही. अशा बारीकसारीक अपघातांनी अण्णा डगमगत नसत. सिलिंडर ही कंपनीची वस्तू, तिच्यात काय भरतात ते कंपनीला माहीत. फुलांत त्यांचा हात कधी चुकला नव्हता. मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन ते रोज पंचवटीच्या फुलबाजारात बसत. गिऱ्हाइकाने अर्धा किलो म्हटलं की ते ओंजळीने जेवढी फुलं उचलत, तेवढ्यावर काटा सरळ उभा राहत असे. शेजारचे फुलवाले नवख्या माणसाला मुद्दाम हा खेळ दाखवत. तोलण्याआधी अण्णा फुलांवर चांगलं तांब्या-दोन तांबे पाणी मारत, ही गोष्ट मात्र खेळात धरली जात नसे. पाणी फुलांच्या तजेल्यासाठी होतं. तो तजेला काट्यावरही दिसायचा, त्याला अण्णांचा इलाज नव्हता.

दोन हजार चार सालची, दसऱ्याच्या आधीची ही गोष्ट. अण्णांची एकुलती मुलगी सुवर्णा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी आली होती. पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं होतं आणि काय ते वर्षअखेरपर्यंत कळवा असं सांगितलं होतं. घरात ही मुदत मार्गशीर्षापर्यंत अशी समजली गेली.

"मला जायचं नाही अण्णा," सुवर्णाने जेवताना सांगितलं. "पण नुसतं घरात बसायचंही नाही."

"मग बाजारात बस माझ्यासंगं."

"फुलं तोलायला डिप्लोमा केला का मी?"

"फुलं तोलायला डिप्लोमा पुरत नाय," अण्णा म्हणाले. पण तिला जायचं नाही एवढंच त्यांच्या कानात राहिलं, आणि त्या आनंदात त्यांनी नको असलेली तिसरी भाकरी खाल्ली.

तिचं म्हणणं साधं होतं. पंचवटीत गोटीराम म्हणून एका गृहस्थांचा छोटा छापखाना होता. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू व्हायचा, आणि पत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून द्यायला गोटीरामला भरवशाचं माणूस मिळत नसे. सुवर्णाकडे स्वतःचा कॉम्प्युटर असला, तर हंगामाचं सगळं काम तो तिला देणार होता. हंगाम नीट गेला की ती इथेच राहणार, पुण्याला नाही म्हणून कळवणार. नाही जमलं, तर पुणे.

तयार कॉम्प्युटर झेपण्यातला नव्हता, म्हणून ती एकेक भाग जमवून स्वतःच जोडणार होती. कीबोर्ड मैत्रिणीने वापरून टाकलेला. कॅबिनेट एका कोपऱ्यात चेपलेलं, म्हणून कमी किमतीत मिळालेलं. मॉनिटर नाशिक रोडच्या कॉलनीतल्या एका साहेबांचा, त्यांची बदली झाली होती. सगळीकडे तिने हात आखडला, एका ठिकाणी मात्र नाही.

"पॉवर सप्लाय चांगलाच घ्यायचा," ती म्हणाली. "कॅबिनेटबरोबर फुकट आलाय तो काढून टाकणार मी."

"फुकटचा काढून इकतचा घालायचा?" नवसाबाईंना हे शिक्षण कुठल्या कॉलेजात देतात ते कळेना.

"आई, बाहेरून वीज कशीही येते. कधी जास्त, कधी कमी, कधी जाते नि एकदम येते. ती नीट करून आत ज्याला जेवढी लागेल तेवढी द्यायची, हे त्याचं काम. आणि तो बिघडला ना, तर एकटा मरत नाही. बाकीच्यांना घेऊन जातो."

"म्हंजे बाहेर काय का होईना, घरात सगळ्यांचं नीट वाटून शांत ठिवायचं," नवसाबाई म्हणाल्या. "हे तर माझं काम हाय. मला कवा कुणी इकत घेऊन बदललं नाय ते."

"तुला कुठं मिळती बदली," अण्णा म्हणाले. हे कौतुक होतं की काय, याचा विचार करत नवसाबाईंनी ताटं उचलली.

ज्या दिवशी पॉवर सप्लाय आणायचा, नेमकं त्याच दिवशी नाशिक रोडचे साहेब सामान हलवणार होते. मॉनिटर पारखून घ्यायला सुवर्णाला तिकडे जाणं भाग होतं. तेव्हा पॉवर सप्लाय अण्णांनी आणायचा असं ठरलं.

"महात्मा गांधी रोडला हिरामणदादांचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर. त्यांना सांगून ठेवलंय. पांढरा खोका. तुम्ही नुसता घेऊन यायचा."

"नुसता घेऊन," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा शिळ्या शेवंतीसारखा झाला. गावभर ज्याच्या हाताचं नाव, त्याला पोरगी हमालाचं काम सांगत होती.

सुवर्णाच्या ते ध्यानात आलं. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "आणि अण्णा, हातात घेऊन बघा बरं का. चांगला पॉवर सप्लाय वजनाला जड असतो. मासिकात आलं होतं."

ती हे बापाचं मन राखायला बोलली. बापाने मात्र ते वाक्य जसंच्या तसं घेतलं, डोक्यावर ठेवलं, आणि त्या भाराखाली मान ताठ करून ते महात्मा गांधी रोडचा जिना चढले.

हिरामण हसतमुख माणूस होता. त्याने पांढरा खोका आधीच बांधून ठेवला होता. अण्णांनी तो सोडायला लावला. आतली लोखंडी डबी तळहातावर घेतली, डोळे मिटले, आणि मनगट दोनदा हलवलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बोलायची थांबली.

"बरी हाय," अण्णा म्हणाले. "दुसरी?"

"दुसरी कशाला अण्णा? सुवर्णाताईंनी हीच सांगितलीय."

"ती लाल खोक्यातली काय हाय?"

"ती तुमच्यासाठी नाही."

हे वाक्य हिरामणने चांगल्या मनाने उच्चारलं, पण बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला त्याहून मोठं आमंत्रण असू शकत नाही. अण्णांनी हात पुढे केला. लाल खोक्यातली डबी तळहातावर बसली आणि हात खाली गेला. अण्णांनी डोळे उघडले. पांढऱ्या खोक्यातली हिच्या पासंगालाही पुरत नव्हती, इतकी ही जड. वर ताकदीचा आकडाही पांढऱ्याहून मोठा छापलेला. आणि किंमत विचारली तर कमी.

"अण्णा, वजनावर जाऊ नका," हिरामण म्हणाला.

अण्णा मनातल्या मनात हसले. वजनावर जाऊ नका असं विकणाऱ्याने कधी म्हणायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हलका माल खपवायचा असतो तेव्हा.

"पोरीनं सांगितलंय, चांगला असतो तो जड असतो. मासिकात आलंय."

"बरोबर आलंय. पण ते चांगल्या मालात. आत तांब्याच्या तारा जास्त, उष्णता खेचायला जाड पत्रे, म्हणून तो जड. ह्या लालमध्ये ते वजन कशाचंय, देव जाणे. नुसतं स्वस्तातलं द्या म्हणणाऱ्यांसाठी ठेवतो मी. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याला देत नाही."

"वजन म्हंजे वजन. ते आणि कशाचं असतं?"

"आतमध्ये काहीही घालतात अण्णा. हात काय, वजन सांगतो. कशाचं ते सांगत नाही."

त्या सकाळीच अण्णांनी झेंडूच्या टोपल्यांवर नेहमीपेक्षा जरा जास्त पाणी मारलं होतं, दसरा जवळ आला होता म्हणून. पण ते पाणी होतं, आणि ते फुलांवर होतं. त्याचा इथे काय संबंध?

"असं करा," हिरामण शेवटी म्हणाला, "ताईंना फोन करू."

सुवर्णा त्या वेळी नाशिक रोडला कुणाच्या तरी बैठकीत मॉनिटर पुसत बसली होती आणि तिच्याकडे मोबाईल नव्हता. अण्णा लाल खोका काखेत मारून जिना उतरले.

संध्याकाळी त्यांनी तो देवापुढे ठेवला होता. सुवर्णा आली, खोक्याकडे बघितलं, आणि थांबली.

"उचलून बघ," अण्णा म्हणाले. "बघ तर! तो हिरामण हलका गळ्यात मारत होता माझ्या. मी म्हटलं, कुणाला शिकवतो? साऱ्या दुकानाला गप केलं. तुझ्या त्या मशीनमधलं बाकी मला काय कळत नाय, पण एवढी वस्तू बापानं पारखून आणली म्हणायचं."

सुवर्णाने डबी उचलली. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं. गेल्या कित्येक दिवसांत त्या चेहऱ्यावर एवढा उजेड पडला नव्हता.

"जड आहे," ती म्हणाली. "छान आहे."

आणि तिने ती बसवली.

कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा नवसाबाईंनी त्याला कुंकू लावलं, आणि घरात नवं वासरू यावं तसा अण्णांना त्याचा लळा लागला. तुळशीचं लग्न लागलं आणि गोटीराम पत्रिकांवर पत्रिका आणून टाकू लागला. बाजारातून आल्यावर अण्णा सुवर्णाच्या मागे खुर्ची घेऊन बसत आणि हात कॅबिनेटच्या पाठीवर ठेवत. तिथून गरम वारा यायचा. "चाललाय बरं का," ते सांगत. सुवर्णा हो म्हणायची. वर-वधूंची नावं ते मोठ्याने वाचत, गाव ओळखीचं निघालं की कुळी काढत, आणि पत्रिकेखालच्या 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'वाल्या पोरांमध्ये कुणाचं नाव राहिलं ते सांगत. एकदा त्यांनी एक राहिलेला मामा शोधून दिला. तो रुसला असता तर लग्नच अडलं असतं, असं गोटीराम म्हणाला. बाजारात अण्णा गिऱ्हाइकांना अर्धा किलो झेंडूबरोबर पॉवर सप्लायची माहिती फुकट देऊ लागले.

पुण्याला नाही म्हणून कळवायचं सुवर्णाने मनाशी पक्कं केलं होतं. फक्त हंगाम पुरा होऊ दे, ती म्हणाली. केलेलं काम सीडीवर उतरवून ठेवायचं यंत्रही तिला पुढच्याच महिन्यात घ्यायचं होतं.

मग एका दुपारी नेहमीसारखी वीज गेली. ती आली तीही नेहमीसारखीच, म्हणजे दार लाथेने उघडल्यासारखी. विहिरीवरच्या मोटरी एकदम घुमल्या. सुवर्णाने जरा थांबून कॉम्प्युटर लावला, तोच दिव्याचा उजेड पुन्हा पिवळा झाला, पांढरा झाला, आणि आत काहीतरी फट्‌ झालं. आवाज मोठा नव्हता. लाही फुटावी एवढाच. मागून जळक्या वार्निशचा वास आला.

अण्णांचा हात कॅबिनेटवरच होता. गरम वारा थांबला.

"थांबला गं," ते म्हणाले.

हिरामण घरी येऊन बघून गेला. बोर्ड गेला होता, आणि ज्या डिस्कवर हंगामाच्या साऱ्या पत्रिका होत्या तीही गेली होती. मग त्याने लाल डबी बाहेर काढली आणि अण्णांकडे एकदा बघितलं. एक शब्द बोलला नाही. त्याने चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर अण्णा त्या हार घालून घेतल्यासारख्या घ्यायला तयार होते. पण तो चहा पिऊन, नवसाबाईंना नमस्कार करून गेला.

"वीजच तशी आली अण्णा," सुवर्णा म्हणाली. "कुठलाही गेला असता."

हे कारण अण्णांनी भुकेल्या माणसाने ताट ओढावं तसं ओढून घेतलं. "मीबी तेच म्हणतो," ते म्हणाले. "वीजच तशी." आपण इतक्या घाईने का म्हणालो, याची लाज त्यांना पुढे बरीच वर्षं पुरली.

गोटीरामकडे लग्नघरचे लोक येऊन बसले होते. त्याने काम दुसरीकडे दिलं. तो तरी काय करणार? लग्नं थांबत नाहीत. नवा कॉम्प्युटर घेऊ, मळ्यातली शेवंती आताच जागेवर देऊन टाकतो, असं अण्णा म्हणाले, पण ती नको म्हणाली. हंगामाचं काम हातचं गेलं होतं आणि मार्गशीर्ष लागला होता. तिने पुण्याला फोन केला, आणि पौषात बॅग भरली. स्टँडवर अण्णांनी खिडकीतून तिच्या मांडीवर शेवंतीची पुडी ठेवली.

"जड नाही ना बॅग?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा. हलकीच आहे."

त्यांनी बॅग हातात घेऊन बघितली नाही.

कॉम्प्युटरचे बाकीचे भाग कुठे कुठे गेले. चेपलेल्या कॅबिनेटमध्ये नवसाबाईंच्या कोंबडीने अंडी घातली. लाल खोक्यातली डबी तेवढी अण्णांनी बाजारात नेली. नदीवरून वारा सुटला की फुलांवरची ताडपत्री उडायची, ती दाबून ठेवायला तिचा उपयोग होऊ लागला. ताडपत्री तसूभर हलत नसे. जे काम तिला येत होतं ते अखेर तिला मिळालं.

सुवर्णाचं पुण्यात बरं चाललं. वर्षातून दोनदा यायची, सणाला. फोनवर जेवलात का विचारायची. आपण जेवलो हे अण्णा तिला दर आठवड्याला सांगत, आणि मग दोघांनाही पुढे काय ते सुचत नसे. मग तो फोन नवसाबाईंकडे जायचा.

पाच वर्षांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आली ती सरळ बाजारातच. स्टँडवरून रिक्षा करून, खांद्याला तो चपटा कॉम्प्युटर लटकवून. गर्दी मरणाची होती. पाटीवर झेंडूचे ढीग, अण्णांच्या हातात पाण्याचा तांब्या. ती ताडपत्रीच्या कोपऱ्यापाशी टेकायला गेली, आणि तिच्या बॅगेच्या पट्ट्याला अडकून ती डबी ओट्यावरून खालच्या फरशीवर पडली.

पाच पावसाळे खाल्लेला तिचा पत्रा उघडला. आतून काही जळक्या तारा निघाल्या, तळहाताएवढी एक हिरवी पट्टी निघाली, आणि तिच्याशेजारी डांबरासारख्या कशाने तरी चिकटवलेला सिमेंटचा एक गोळा सुटून गटाराच्या कडेला जाऊन थांबला.

अण्णा वाकले. गोळा उचलला. त्यावर तो थापणाऱ्या कारागिराच्या अंगठ्याचा ठसा होता. अण्णांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले, मनगट हलवलं.

"पाव किलो," ते म्हणाले. "वर थोडं."

सुवर्णाने तो त्यांच्या हातातून घेऊन तराजूत टाकला. पाव किलो आणि वर थोडं.

हात चुकला नव्हता. त्या दिवशी दुकानातही चुकला नव्हता. त्याला जे विचारलं ते त्याने बरोबर सांगितलं होतं, आणि हेच अण्णांना सर्वांत जास्त लागलं. चुकलेल्या हाताला दोष देता आला असता.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," सुवर्णा म्हणाली.

"काय?"

"लाल खोका बघितल्यावरच. मी पांढरा सांगितला होता."

"मग बोलली का नाय?"

"तुमचं तोंड बघितलं म्हणून." ती तराजूतल्या गोळ्याकडे बघत होती. "म्हटलं, चार महिने निघतील. मग गुपचूप बदलू. तुम्हाला कळणारही नाही."

"आन् वीज तशी आली म्हणालीस ते?"

"तेही तुमचं तोंड बघूनच."

अण्णांच्या आजूबाजूला दसऱ्याचा बाजार ओरडत होता. कुणीतरी भाव विचारला, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"पांढरा आणला असता," ते म्हणाले, "तर तू राहिली असतीस."

सुवर्णाने नाही म्हणायला तोंड उघडलं. सवयीने. मग मिटलं.

"राहिले असते," ती म्हणाली.

अण्णांनी तांब्या खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि ते उभे राहिले. पाच वर्षं छातीत साठलेलं सगळं आता बाहेर येणार होतं: ती कॅबिनेटची ऊब, तो राहिलेला मामा, हिरामणचं न बोलणं, न उचललेली बॅग, आणि दर आठवड्याच्या फोनवरचं ते 'जेवलो'. सगळं नीट लावून सांगायला त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "सुवर्णा," ते म्हणाले, "बापाचं एक ऐकून घे."

"ऐकते. पण आधी ते सिमेंट तराजूतून काढा अण्णा," सुवर्णा पर्समधून पिशवी काढत म्हणाली, "आणि आपल्या शेजारणीसाठी दोन किलो झेंडू द्या, आईने फोनवर सांगितलंय. ती घरी फुलं पुन्हा तोलते. पाणी न मारलेला द्या."